शाळाच आधी का सोडायची?

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५६ वर्षांच्या आहेत. अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतात. नोकरीला ३१ वर्षं झाली, निवृत्तीला दोन उरली. यजमान गेल्या वर्षी सरकारी खात्यातून निवृत्त झाले. मुलगा-सून पुण्यात, मुलगी लग्न होऊन नाशिकला. घरी ८२ वर्षांच्या सासूबाई आहेत. काही महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा चालत्या झाल्या नाहीत. ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, या ताई शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांच्या प्रमुख आहेत. महिला मंडळाच्या घरोघरच्या प्रार्थना, नाताळची नाटिका, लहान मुलांची गाणी हे सगळं त्यांच्याकडेच असतं. आता पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचं चिटणीसपदही घ्यायला सांगितलं आहे.

त्या लिहितात: "घरचे म्हणतात, पुरे झाली नोकरी, स्वेच्छानिवृत्ती घे. यजमान म्हणतात, आईला तुझ्याच हातची सवय आहे. पाळकसाहेब म्हणतात, देव तुम्हाला त्याच्या कामासाठी मोकळं करतोय. माझी दोन्ही मुलं सासूबाईंनी वाढवली, मी शाळेत असायचे. ते ऋण फेडायला नको का? रात्री त्यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर गठ्ठा ठेवून नववीचे पेपर तपासते, मध्येच उठून त्यांची कूस बदलते. पाठ मोडून येते. पण खरं सांगू? वर्गाच्या दारातून आत गेले की तेवढा वेळ पाठ दुखत नाही. शाळा सोडायचं मनात आलं की रडू येतं. घरापेक्षा आणि प्रभूच्या मंदिरापेक्षा शाळा प्रिय वाटणं हे पाप आहे का? मी मार्था झालेय का?"

ताई, ख्रिस्तात सलाम.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलं आहे. नाही, हे पाप नाही. आणि मार्थेचं म्हणाल तर लूकच्या शुभवर्तमानातली, स्वयंपाकघरात घाम गाळणारी आणि बहिणीवर चिडलेली मार्थाच आपल्याला शिकवली गेली. योहानाचा अकरावा अध्याय काढून पाहा. भाऊ गेलेला, घर माणसांनी भरलेलं. प्रभू येतोय असं कानावर पडताच हीच मार्था उठून गावाबाहेर जाते. तिची बहीण मरीया घरातच बसून राहते. 'तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस' ही कबुली योहानाने तिच्या तोंडी दिली आहे. येशूची या भावंडांवर प्रीती होती हे सांगताना पहिलं नावही तिचंच घेतलं आहे. तेव्हा मार्था झालात म्हणून घाबरून जाण्याचं काही कारण नाही.

आता जरा वेगळं बोलते. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात, आणि तुमचे यजमान, मुलं, पाळकसाहेब यांनीही ती धरली आहे. घर आणि मंडळी हे देवाचं, शाळा तेवढी पोटापाण्याची. त्यामुळे ओझं झालं की आधी शाळा सोडायची, यावर कुणाचंच दुमत नाही. मला मात्र हे पटत नाही. आणि नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती शिक्षिकेला तर ते मुळीच पटू नये.

अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईत उतरल्या आणि १८३९ साली नगरला आल्या. १८६२ साली मृत्यू येईपर्यंत त्या मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिकवण्याचे धडे घेतले ते फॅरारबाईंकडेच, नगरला. त्या बाईंनी आयुष्यभर केलं काय? वर्ग घेतले, बायका तयार केल्या, पोरींना अक्षर ओळखायला लावलं. त्यांची उपासना शाळेच्या चार भिंतींत होती, असं म्हणायला कुणी कचरणार नाही. पुढे खेड्यापाड्यांत मिशनचे मास्तर गेले. आठवडाभर पाटीवर धुळाक्षरं गिरवून घेणारा माणूसच रविवारी प्रार्थना चालवायचा. पोरं बसायची तीच खोली, कधी तर झाडाखालची तीच जागा. आपल्या आज्या-पणज्या वाचायला शिकल्या त्या अशाच खोल्यांत. आपल्या पूर्वजांनी शाळा आणि मंडळी यांच्यामध्ये भिंत घातली नव्हती. ती अलीकडे, अनुदान आणि पगारपत्रकं आल्यावर, आपल्या डोक्यात उभी राहिली.

तुमच्या नववीच्या वर्गात उसाच्या तोडीला जाणाऱ्या घरचं एखादं पोर असेल. दिवाळीनंतर नाहीसं होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतं. अशा पोराला धडा पुन्हा समजावून सांगणाऱ्या बाई ताज्या दमाच्या असाव्यात, असं तुम्हाला आतून वाटतं म्हणून तर तुमची पाठ त्या वेळी दुखत नाही. ही ओढ देवापासून दूर नेणारी आहे असं मानायला पवित्र शास्त्रात मला तरी आधार सापडत नाही.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो तुमच्यावर आणखी एक ओझं होईल. फॅरारबाई अविवाहित होत्या. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस नव्हतं, संध्याकाळच्या भाकऱ्या नव्हत्या. खेड्यातल्या मास्तरांच्या घरी बायको होती, आणि त्यांच्या सेवेची निम्मी मजुरी तिने चुलीपाशी बिनपगारी भरली. घरोघर जाऊन प्रार्थना घ्यायला, बायकांना शास्त्र वाचून दाखवायला मिशनने बायबल बाई नेमलेली असे, आणि तिला त्याचा पगार मिळे. वर्गावरची बाई वेगळी, घरोघर फिरणारी बाई वेगळी, घर सांभाळणारी आणखी वेगळी. त्या काळात तीन जणींनी केलेलं काम आज तुम्ही एकट्या करता आहात, आणि दमल्यावर विश्वासात कुठे कमी पडले असं स्वतःला विचारता आहात. विश्वास कमी नाही, ताई. माणसं कमी आहेत.

मातृदिनाला उपासनेत नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय हमखास वाचला जातो. सद्गुणी स्त्री रात्र सरली नाही तोच उठते, घरच्यांना जेवण पुरवते, शेत विकत घेते. वाचणारा बहुधा भरभर पुढे जातो, पण पंधराव्या वचनात तिच्या हाताखाली दासी आहेत असं लिहिलंय. त्या आदर्श बाईलाही मदतनीस होत्या.

आता घराकडे येऊ. रागावू नका, पण तुमच्या पत्रात यजमान एकाच वाक्यात आले आहेत: 'आईला तुझ्याच हातची सवय आहे.' ते निवृत्त आहेत, धडधाकट आहेत, दिवसभर घरी आहेत, आणि अंथरुणावर आहे ती त्यांची जन्मदाती आई. तरी प्रश्न असा मांडला जातो की तुम्ही नोकरी सोडायची की नाही. तुम्ही सोडलीत तर घरात मोकळी माणसं दोन होतील, काम मात्र एकाच माणसावर राहील. हे मी भांडण लावण्यासाठी लिहीत नाही. बहुतेक घरांत नवरे कामचुकार नसतात. आयुष्यात कधी कुणी शिकवलेलं नसतं, आणि बाईमाणसाचं पुरुषाने कसं करायचं या संकोचापाशी गाडी थांबते. तो संकोच खरा आहे, सासूबाईंनाही वाटत असेल. म्हणून काम वाटून घ्या. आंघोळ, डायपर बदलणं, कपडे यासाठी सकाळ-संध्याकाळ एक बाई लावा. कूस बदलणं, भरवणं, गोळ्या, व्यायाम आणि रात्रीची अर्धी पाळी ही यजमानांची. यात संकोचाचं काही नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो, आणि माकडहाड, टाचा, खुबे इथे जखमा होतात. त्या भरून यायला महिने लागतात. दिवसभर शाळा करून रात्रभर दर दोन तासांनी उठणं एका माणसाच्या शरीराला झेपणारं नाही, मग तिची श्रद्धा कितीही मोठी असो. घरी बसणाऱ्या एकट्या सुनेलाही ते फार दिवस झेपत नाही. हवेची गादी आणली नसेल तर आणा. तिने दाब कमी होतो, पण कूस बदलणं चुकत नाही. आणि पाठीसाठी एक युक्ती आहे. जुनी चादर चौघडी करून सासूबाईंच्या खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली आडवी घालून ठेवा. वर सरकवायचं असेल तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धरायच्या आणि चादरच ओढायची, माणूस उचलायचं नाही. कुशीवर वळवताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, ऑपरेशन झालेल्या खुब्याला ते बरं. पिंढरीखाली लहान उशी दिली की टाच अधांतरी राहते. हे सगळं यजमानांना एका दुपारी शिकता येईल. आपल्या मंडळ्यांत निवृत्त नर्सबाई बहुधा असतातच. त्यांना चहाला बोलवा आणि यजमानांच्या हातून करवून घ्या. तुम्ही त्या वेळी खोलीत थांबू नका. थांबलात तर पाच मिनिटांत चादर तुमच्या हातात येईल.

हाड जुळलेलं असेल तर डॉक्टरांना एक विचारा: यांना दिवसातून दोन-तीन वेळा खुर्चीत बसवता येईल का? बसून जेवल्याने ठसका कमी लागतो आणि छातीत कफ साठत नाही. पुन्हा चालत्या झाल्या नाहीत याचा अर्थ कायम झोपूनच राहायला हवं असा नाही.

'बाई ठेवली तर मंडळीत बोलतील' असंही तुम्ही लिहिलंय. बोलतील. पण अशा बोलण्यातून तुमच्या घरी अजून एक रात्रही कुणी जागून काढलेली नाही. तुमचा पगार चालू आहे, त्यातला काही भाग सासूबाईंची नीट निगा ठेवण्यावर खर्च करणं यात कमीपणा कसला? नोकरी सोडलीत तर ती बाई लावायची ऐपतही कमी होईल, हेही लक्षात घ्या.

ऋणाबद्दल मात्र मी घाईने काही म्हणणार नाही. ते खरं आहे. तुम्ही तासावर असताना त्यांनी तुमच्या मुलांना खिमट भरवलं, तापात उशाशी बसल्या. अशी सासू मिळणं भाग्याचं. पण तेव्हा त्यांनी मुलं सांभाळली ती तुम्हाला शाळेत जाता यावं म्हणून. ते ऋण फेडायला शाळाच सोडायची, यात मला काहीतरी उलटं वाटतं. आणि यात तुम्ही सगळ्यांची मतं लिहिलीत, यजमानांचं, मुलांचं, पाळकसाहेबांचं. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांचं मत पत्रात कुठेच नाही. सासूबाईंचं डोकं शाबूत आहे, रोजची स्तोत्रं म्हणतात असं तुम्हीच लिहिलंय. मग त्यांना विचारा. संध्याकाळी चहा देताना, घरात दुसरं कुणी नसताना विचारा, की आई, मी शाळा सोडून घरी राहू का? मला वाटतं त्या नको म्हणतील. माझा अंदाज चुकेलही. त्या म्हणाल्या की तू जवळ हवीस, तर ती वेगळी गोष्ट आहे, आणि तिचं वजन बाकी सगळ्यांच्या सल्ल्यापेक्षा जास्त आहे. त्या वेळी तुमचंही मन कदाचित बदलेल, आणि ते बदलणं तुमचं असेल.

स्वेच्छानिवृत्तीच्या कागदांबद्दल थोडं, कारण अशी पत्रं बऱ्याच शिक्षिकांकडून येतात. वीस वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. तुमच्या बाबतीत त्याला अडचण नाही. पण एकदा ती मंजूर होऊन अमलात आली की परतीची वाट नाही. सासूबाईंची प्रकृती सुधारो वा बिघडो, दोन महिन्यांनी तुम्हाला वर्ग परत मिळणार नाही. म्हणून जे परत घेता येतं ते आधी वापरावं. शाळेच्या लिपिकांकडे बसून सेवापुस्तक उघडा आणि अर्धपगारी रजा किती शिल्लक आहे ते पाहा. ३१ वर्षांच्या सेवेत ती बरीच साठलेली असते आणि शिक्षिका ती वापरतच नाहीत. दहावीच्या परीक्षा आणि निकालपत्रकं यांचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून महिना-दीड महिना रजा घ्या. त्या काळात घराची नवी घडी बसवा: बाई, पाळ्या, गादी, व्यायाम. मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगून पुढच्या वर्षी वर्गशिक्षकपद आणि जादा जबाबदाऱ्या नाकारता येतात का तेही बघा. तास घ्यायचे, बाकीचं ओझं कमी. एवढं सगळं करूनही जमलं नाही तर अर्ज कुठे पळून जात नाही. तो जूननंतरही देता येईल.

स्वेच्छानिवृत्ती घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. तुमची स्वतःची पाठ डॉक्टरांनी गंभीर ठरवली, किंवा सासूबाईंचे दिवस थोडे उरले असं कळलं आणि ते त्यांच्याजवळ घालवावेत असं तुम्हाला आतून वाटलं, तर बेधडक घ्या. फक्त दमलेल्या रात्री सही करू नका.

राहिली मंडळी. इथे मी तुम्हाला थोडं कठोर सांगणार आहे. चिटणीसपद घेऊ नका. देव मोकळं करतोय हे पाळकसाहेबांनी प्रेमाने म्हटलं असेल, पण एका दप्तरातून मोकळं करून दुसऱ्या दप्तरात बसवणं याला मोकळं करणं म्हणत नाहीत. मोशेची गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असणार. निर्गमच्या १८ व्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेल्या जावयाला इथ्रो सांगतो की हे तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. मग हजार, शंभर, पन्नास, दहा अशी माणसं नेमली जातात. मोशेनेही ऐकलं. ते शास्त्र पुरुषांना लागू आणि शब्बाथशाळेच्या बाईंना नाही, असं कुठे लिहिलेलं नाही.

शब्बाथशाळाही एकदम टाकून देऊ नका, पण सोडायची तारीख ठरवा. ईस्टरपर्यंत तुम्ही प्रमुख, त्यानंतर नाही. तुमच्याच हाताखाली शिकलेली, आता डीएड-बीएड केलेली एखादी मुलगी मंडळीत असणारच. आतापासून तिला धडे ठरवू द्या, नाटिका बसवू द्या. ती तुमच्यासारखं करणार नाही. गाणी वेगळी घेईल, मुलं गोंधळ घालतील, कुणीतरी तुमच्याकडे येऊन 'बाई, तुमच्या वेळी असं नव्हतं' म्हणेल. त्या क्षणी गप्प राहणं तुम्हाला फार अवघड जाईल, आणि तेच करायचं आहे.

मंडळीकडून मागण्यासारखंही काही आहे. आजारी माणसाच्या घरी आपली माणसं प्रार्थनेला येतात, स्तोत्र वाचतात, चहा घेतात आणि जातात. त्यांच्या मनात माया असते, पण काय करावं ते कळत नाही. आता कुणी विचारलं की 'बाई, काही लागलं तर सांगा', तर खरंच सांगा. म्हणा, गुरुवारी दुपारी दोन तास आईंजवळ बसाल का, म्हणजे यजमान बँकेत जाऊन येतील. महिला मंडळात अशा पाच-सहा जणी निघाल्या तर आठवडा निभतो. रविवारी उपासनेला तुम्ही आणि यजमान आलटून पालटून जा, आणि ज्या रविवारी तुम्ही जाल त्या दिवशी वर्ग न घेता, फाईल न धरता, बाकावर नुसत्या बसा.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी एक फरक सांगायला हवा. हे सगळं मी पगार, रजा आणि पेन्शन असलेल्या शिक्षिकेला लिहिलं आहे. विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या कितीतरी जणींना रजाच नसते, आणि बाई लावायला पैसे नसतात. त्यांनी नोकरी सोडण्याआधी भावंडांना, दिरांना एकत्र बसवून खर्च आणि रात्री या दोन्हींची वाटणी बोलून घ्यावी, आणि ती कागदावर लिहावी. लांब राहणाऱ्यांनी पैसे द्यावेत, जवळच्यांनी वेळ. ताई, तुमचा मुलगा पुण्यात आणि मुलगी नाशिकला आहे. त्यांनाही हे लागू आहे. 'आई, नोकरी सोड' असं फोनवर सांगणाऱ्या मुलांनी महिन्यातून एक शनिवार-रविवार येऊन आजीची पाळी घ्यावी. आजीने त्यांनाही वाढवलं आहे.

पाळकसाहेबांना नाही म्हणणं तुम्हाला तोंडावर जमणार नाही, हे तुमच्या अक्षरांवरूनसुद्धा कळतं. म्हणून लिहून द्या. चार ओळी पुरेत: 'आपण विश्वासाने विचारलंत याबद्दल आभारी आहे. घरी सासूबाईंची सेवा आणि शाळा, या दोन जबाबदाऱ्या प्रभूने मला दिल्या आहेत आणि सध्या त्याच पुऱ्या पडतात. चिटणीसपद मी घेऊ शकत नाही. शब्बाथशाळेचं काम ईस्टरनंतर दुसऱ्या कुणाकडे द्यावं, तोवर मी तिला तयार करते.' कारणं वाढवू नका, माफी मागू नका. चिठ्ठी येत्या रविवारच्या आधी पोचवा. आणि पाठवण्यापूर्वी ती यजमानांना वाचायला द्या, म्हणजे रात्रीच्या पाळीचं बोलणंही त्याच बैठकीत काढता येईल.